ओम्नीचा गिअर अडतो? आधी स्लो बघा

रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज. एसटी स्टँडसमोरच्या गर्दीत थांबलं की पहिला गिअर लागत नाही. उभी असताना गाडी एकतर घोंघावत राहते, नाहीतर धाप टाकून बंद पडते. जुनी मारुती ओम्नी किंवा मारुती ८०० बाळगणाऱ्याच्या वाट्याला या तक्रारी बहुधा एकदमच येतात. पण गॅरेजमध्ये तो त्यातली एकच सांगतो, "गिअर अडतोय." मग गिअरबॉक्स उतरतो, क्लच प्लेट बदलली जाते, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खर्रर्र.

स्लो म्हणजे अॅक्सिलेटरवरून पाय काढल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं तो वेग. गिअरची तक्रार आणि स्लोची तक्रार बऱ्याचदा एकाच घरातली असते. कोकणात तर जास्तच, कारण इथे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आधी खातात ते अर्थची पट्टी, केबल, रबरी नळ्या आणि डिस्ट्रिब्युटर कॅप. गिअरबॉक्सच्या आतले दाते त्यामानाने खूप टिकतात. म्हणून तपासायचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवायचा: अर्थ, स्लो, क्लच केबल, लिंकेज (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचा दुवा), तेल. गिअरबॉक्स उघडायचा तो सगळ्यात शेवटी.

हे लिहिताना नजरेसमोर ओम्नी आहे. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ मध्ये ओम्नी झाली, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी देवगडच्या आंब्याच्या पेट्यांपासून हर्णैच्या मासळीपर्यंत सगळं अजून तिच्यातून जातं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, चार गिअर, मागची चाकं ओढणारी. ८०० ला गिअरबॉक्सची मांडणी वेगळी असली तरी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा), करंट आणि क्लच केबलचं शास्त्र तेच.

स्लोचा आणि गिअरचा संबंध

क्लच दाबला की क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनपासून सुटतात, पण जागच्या जागी थांबत नाहीत. भोवऱ्यासारखे थोडा वेळ फिरत राहतात. स्लो ९०० आरपीएमच्या आसपास असेल तर हा भोवरा दोन-तीन सेकंदांत मंदावतो. तोच १४०० वर असेल तर जास्त वेळ घेतो, आणि क्लच केबल जरा ढिली असेल तर थांबतच नाही, कारण प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या फिरत्या जड चकतीला) अर्धवट घासत राहते. पुढच्या गिअरना सिंक्रो (वेग जुळवणारी पितळी कडी) असतो, तो हा फरक गिळतो आणि रोज थोडा थोडा झिजतो. रिव्हर्सला सिंक्रो नाही. म्हणून पहिली ओरड रिव्हर्स करतो.

उलट बाजूने, स्लो फार कमी असला की ड्रायव्हर गाडी बंद पडू नये म्हणून रेस देत अर्धा क्लच धरून ठेवतो. आंबा किंवा करूळ घाटात ट्रकच्या मागे अर्धा तास असं चाललं की क्लच प्लेट जळते. तेव्हा प्लेट लवकर गेली तर कंपनीला शिव्या घालण्याआधी स्लोचा स्क्रू बघावा.

पाना न उचलता करायच्या तीन परीक्षा

इंजिन बंद. क्लच दाबून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. सगळे लोण्यासारखे लागले आणि इंजिन चालू केल्यावरच अडले, तर दोष क्लच सुटण्यात किंवा स्लोमध्ये आहे. इंजिन बंद असतानाही अडत असतील तर लिंकेज किंवा गिअरबॉक्स. एखाद्या वेळी एकच गिअर दात समोरासमोर आल्यामुळे अडतो. तेवढ्यावर निकाल देऊ नका, गाडी वीतभर ढकलून पुन्हा बघा.

दुसरी परीक्षा इंजिन गरम करून, चोक पूर्ण आत ढकलून. न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. पाच मोजूनही खर्रर्र झालं तर क्लच सुटत नाही. लगेच टाकल्यावर आवाज येतो आणि पाच मोजल्यावर येत नाही, तर क्लच ठीक आहे आणि स्लो जास्त आहे. ही परीक्षा फुकट आहे आणि तिच्यामुळे कित्येक गिअरबॉक्स खाली उतरायचे वाचतील.

तिसरी घसरण्याची. मोकळ्या जागी, हँडब्रेक घट्ट, चाकांना जांभ्याचे चिरे लावून चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. ते घोंघावत राहिलं तर क्लच घसरतोय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलीत तर उरलीसुरली प्लेटही जाईल.

अर्थची पट्टी

बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणाऱ्या पट्ट्यांकडे कोणी बघत नाही. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत राहणारी गाडी असेल तर या पट्टीची तांब्याची वीण आतून हिरवी होते आणि बाहेरून शाबूत दिसते. मासळीची ने-आण करणाऱ्या ओम्नीत तर बर्फाचं खारं पाणी फ्लोअरमधून गळून थेट खाली उतरतं.

आता गंमत बघा. स्टार्टर मारताना लागणारा मोठा करंट इंजिनमधून बॅटरीकडे परत जायला वाट शोधतो. पट्टी कुजली असेल तर तो मिळेल त्या धातूतून जातो: क्लच केबल, अॅक्सिलेटर केबल, चोक केबल. केबल तापते, आतलं नायलॉनचं अस्तर वितळतं, आणि केबल जड होऊन अडकायला लागते. क्लच केबल अडकली की गिअर अडतो, अॅक्सिलेटरची अडकली की स्लो खाली येत नाही. नवी केबल टाकली तरी महिन्या-दोन महिन्यांत तीच गत. एका गाडीला वर्षात दोन-तीन क्लच केबल लागत असतील तर दोष केबल बनवणाऱ्याचा आहे असं समजण्याआधी ही पट्टी काढून बघा.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरे. व्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कॉइलची वायर काढून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेलं तर पट्टी आणि तिचे दोन्ही नट-बोल्ट काढा, खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसू द्या, नवी पट्टी बसवा आणि वरून ग्रीस फासा. ग्रीस जोडाच्या आत नाही, बाहेरून.

कार्बोरेटरवाल्या गाड्या

स्क्रूला हात लावायच्या आधी बाकीचं बघावं लागतं. नाहीतर एका दोषावर दुसरा दोष लिंपला जातो, आणि पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

आधी अॅक्सिलेटर. सीट उचला, कार्बोरेटरवरची थ्रॉटलची (हवा सोडणाऱ्या पातीची) लिव्हर हाताने उघडून सोडा. टक् आवाज करून ती पूर्ण मागे आली पाहिजे. आळसावल्यासारखी आली तर केबल गंजली आहे किंवा थ्रॉटलच्या शाफ्टवर मातीमिश्रित तेलाची पेस्ट बसली आहे. चोकचंही तसंच: दांडा आत गेला म्हणजे चोकची पाती उघडली असं नाही, डोळ्याने बघा.

मग एअर फिल्टर. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ फिल्टरच्या घड्यांत बसते आणि आगोटीच्या दमट हवेत तिचा लगदा होतो. तो झटकून निघत नाही. फिल्टर बदला. पडवीत बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं, सुपारीच्या साली, काथ्या असं काहीही सापडतं, झाकण उघडायला कंटाळू नका. तिथेच वायरीही कुरतडलेल्या असतात.

प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिमी. तिन्ही प्लग काढून ओळीने मांडा. तिघेही काजळीने काळे-कोरडे असतील तर मिश्रणात पेट्रोल जास्त, तिघेही पांढुरके असतील तर कमी. एकच ओला-काळा असेल तर त्या एका सिलिंडरचा दोष: वायर, प्लग किंवा व्हॉल्व्ह. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक जरी मिसिंग मारायला लागला तरी अख्खी गाडी थरथरते. फायरिंग ऑर्डर १-३-२. दोन वायरी उलटसुलट लागल्या तर गाडी चालूच होणार नाही किंवा फटाके वाजवेल. जुन्या सीबी पॉइंटच्या गाड्यांना पॉइंटची गॅप ०.४ ते ०.५ मिमी, तीही फीलर गेजने, व्हिजिटिंग कार्डने नाही. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, गॅप थंड इंजिनवर ०.१५ मिमीच्या आसपास. घट्ट टॅपेटमुळे स्लो बिघडतो आणि आवाज मात्र येत नाही. म्हणून "इंजिन एकदम शांत आहे" ही दर वेळी चांगली बातमी नसते.

पावसाळ्यात स्लो फक्त सकाळी बिघडत असेल तर रात्री अंधारात बॉनेटखालचं नाही तर सीटखालचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवा आणि स्प्रे बाटलीने पाण्याची हलकी धुकट फवारणी डिस्ट्रिब्युटर कॅप आणि प्लगच्या वायरींवर करा. हात लांब ठेवा. कुठे निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर चोर सापडला. कॅप काढून आतून उजेडात धरा. दोन खांबांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते, ती कार्बनची वाट. करंट प्लगकडे न जाता त्या वाटेने पळतो. रेघ खरवडून काही दिवस भागतं, पण कॅप आणि रोटर बदलणं हाच उपाय. नवीन बसवताना वायरींच्या टोप्यांत सिलिकॉन ग्रीस थोडं लावा, ओल आत शिरत नाही.

नंतर हवेची गळती. कार्बोरेटरच्या खाली काळा, जाड इन्सुलेटर असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग. नट ढिले झाले किंवा पॅकिंग फाटलं की तिथून चोरहवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि स्लो वर-खाली होतो. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत ओढणारी) नळी, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमची बारीक नळी, या तिन्ही ठिकाणी रबर तडकतं. एकेक नळी पक्कडीने (मधे कापड धरून) दाबा. एखादी दाबल्यावर स्लो सुधारला तर तिच्या पुढचा भाग गळतोय. पॅकिंगसाठी साबणाचं पाणी ब्रशने लावा, आवाज बदलला की जागा सापडली. काहीजण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम सायलेन्सरच्या वर, सीटखाली, बंद जागेत पेट्रोल शिंपडणाऱ्याला दंडवत.

व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा (ओढीने ठिणगीची वेळ पुढे नेणाऱ्या डबीचा) पडदा तपासायला नळीचं कार्बोरेटरकडचं टोक काढून तोंडाने हवा ओढा आणि जीभ लावून धरा. ओढ टिकली तर पडदा चांगला, हवा येत राहिली तर फाटलेला.

कार्बोरेटरवर एक सोलेनॉइड (स्लोचं पेट्रोल उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह) असतो, एक वायर असलेला. चावी ऑन केली की त्याचा टिक् आवाज यायला हवा. वायर काढून-लावून बघा. टिक् नाही म्हणजे एकतर १२ व्होल्ट पोचत नाहीत किंवा सोलेनॉइड मेला. त्याची खूण अगदी ठरलेली आहे: चोक ओढल्यावर किंवा रेस दिल्यावर गाडी छान चालते, पाय काढला की बंद. अशा गाडीचा स्लोचा स्क्रू आवळून आवळून १५०० ला नेऊन ठेवलेला असतो. मग गिअर अडतो, मग गिअरबॉक्स उतरतो. टर्मिनलवर हिरवा गंज चढला एवढंच मूळ कारण.

हे सगळं झाल्यावर मिश्रण. इंजिन पूर्ण गरम, फिल्टर बसवलेला, चोक आत, लाइट-पंखा बंद. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा. जोर दिलात तर सुईचं टोक आणि जागा दोन्ही खराब होतात. तिथून अडीच फेरे बाहेर काढा, ही नुसती सुरुवात. आता स्लोच्या स्क्रूने ९०० च्या आसपास आणा. मिक्श्चर पाव-पाव फेऱ्याने फिरवत जिथे इंजिन सगळ्यात वेगात आणि गुळगुळीत चालतं तिथे थांबा. वाढलेला वेग स्लोच्या स्क्रूने पुन्हा खाली आणा. हे दोन-तीनदा करा. ओम्नीला आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर घेतलात तर कानाच्या अंदाजाचा वाद मिटतो. मिक्श्चर फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट बुजलेला आहे. स्क्रू फिरवत बसू नका, कार्बोरेटर उघडा. जेट हवेने आणि क्लीनरने साफ करा, पिन किंवा तार घालू नका.

पीयूसीचा कागद आपण काचेला चिकटवतो आणि विसरतो, पण तो फुकटचा रिपोर्ट आहे. भारत स्टेज २ या धुराच्या नियमाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, त्यानंतरच्या स्टेज २ आणि ३ च्या गाडीला ०.५ टक्के. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रण जाड. तो कमी आणि हायड्रोकार्बन मात्र भरमसाट, तर इंजिन मिसिंग मारतंय: चोरहवा किंवा करंट. पीयूसीवाल्याला स्क्रू फिरवून "पास" करू देऊ नका, आकडे लिहून घ्या.

पेट्रोल आणि पाणी

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोल जळायला हवेचं प्रमाण १४.७ ला १, इथेनॉलला ९ ला १. वीस टक्के मिसळल्यावर ते साडेतेराच्या आसपास येतं. कार्बोरेटरला सेन्सर नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो, म्हणजे मिश्रण आपोआप पातळ होतं. दहा वर्षांपूर्वी सेट केलेला स्क्रू आज थोडा बाहेर लागतो तो यामुळे. शिवाय जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, फ्लोटच्या सुईचं रबर फुगतं किंवा चिकट होतं. नळी बदलताना इथेनॉलला टिकणारी, इंधनासाठीचीच घ्या. पारदर्शक प्लास्टिकची नळी वर्षभरात बांबूसारखी कडक होते.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गणपतीला मुंबईहून येऊन चालवलेली गाडी शिमग्यापर्यंत अर्ध्या टाकीने उभी ठेवली तर टाकीच्या रिकाम्या भागातली दमट हवा आपलं काम करते. परत चालू करण्यापूर्वी फ्लोट चेंबरमधलं किंवा फिल्टरच्या नळीतलं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी आणि इथेनॉल. ते जळत नाही, स्लोच्या बारीक जेटमधून तर अजिबात नाही. टाकी रिकामी करणं भाग आहे. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली असेल तर चेंबरही धुवावा लागेल. गाडी बरेच महिने उभी ठेवणार असाल तर टाकी काठोकाठ भरा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून ठेवा.

मे महिन्यात घाट चढून वर चहाला थांबलात आणि परत चालू करताना गाडी भकभक करून बंद पडत असेल तर ते वेगळं दुखणं. सीटखालच्या बंद पेटीत उष्णता साठते, पेट्रोल चेंबरमध्ये उकळतं आणि इंजिनमध्ये ओतलं जातं. अॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरा (पंप मारू नका) आणि स्टार्टर मारा. इन्सुलेटर चेपला असेल तर बदला, पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर बांधा.

एमपीएफआय

एमपीएफआय म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या. इथे स्क्रू नाही, आणि जो स्क्रू दिसतो त्याला हात लावायचा नाही. थ्रॉटल बॉडीवरचा स्टॉप स्क्रू फॅक्टरीतला असतो. बहुतेकदा थ्रॉटलच्या पातीच्या कडेला काजळीची कड बसते आणि आयडल व्हॉल्व्ह चिकटतो. थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पाती पुसा, आयडल व्हॉल्व्ह काढून त्याचं टोक साफ करा, पण टोक हाताने दाबू-ओढू नका, आतली मोटर जाते. नंतर बॅटरीची निगेटिव्ह पंधरा मिनिटं काढून ठेवा, परत लावून अॅक्सिलेटरला पाय न लावता दहा मिनिटं चालू ठेवा.

दुसरं कारण मात्र माणसाने केलेलं असतं. "गाडी गरम होते" म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची आपल्याकडे रीतच पडली आहे. इंजिन कधीच पुरतं गरम होत नाही, कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, आणि तो स्लो चढा व पेट्रोल जास्त ठेवतो. पुन्हा गिअर अडणार. थर्मोस्टॅट परत बसवा. तरी स्लो चढाच असेल तर कूलंटचा टेंपरेचर सेन्सर मोजा: २० अंशाला अडीच किलोओहमच्या आसपास, ८० अंशाला तीनशे ओहमच्या आसपास. आपल्याकडच्या ३० अंशाच्या सकाळी थंड इंजिनवर पावणेदोन किलोओहमजवळ यायला हवा. सेन्सरच्या वायरीच्या प्लगमध्ये हिरवा गंज असेल तर आकडा वाढलेलाच दिसणार, आधी तो साफ करा.

क्लच केबल

स्लो जागेवर आला आणि तरी पाच मोजून रिव्हर्स कुरकुरला, तर केबल. पेडल बोटाने दाबा. पहिला दोनेक सेंटीमीटर मोकळा खेळ, मग जड. खेळ जास्त असेल तर क्लच सुटत नाही. अजिबात नसेल तर प्लेट घसरते आणि रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं) सतत फिरत राहून किरकिरतं. गिअरबॉक्सकडच्या टोकाला अॅडजस्टिंग नट असतो, गंजलेला असणारच. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

अॅडजस्ट करायला थ्रेड उरली नसेल तर केबल ताणली आहे किंवा प्लेट संपली आहे. केबल दोन्ही टोकांनी सोडवून आतली तार बोटांनी मागे-पुढे सरकवा. सरसर गेली पाहिजे. कुठे अडखळली, किंवा टोकाशी एक जरी तार तुटून केसासारखी उभी राहिली असेल, तर बदलायची. ती एक तार तुटणं म्हणजे बाकीच्या तारा रांगेत उभ्या आहेत. नवी टाकताना मूळच्याच वाटेने, तीव्र वळण न देता. घट्ट ग्रीस आत भरू नका, लाल माती त्याला चिकटून आत लगदा होतो. पातळ तेलाचे चार थेंब बस.

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीललाच चिकटते. पेडल नेहमीसारखं लागतं, पण कुठलाच गिअर पडत नाही. इंजिन गरम करून बंद करा. समोर शंभरेक फूट मोकळं मैदान, माणूस-गुरं नाहीत याची खात्री करा. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबून, स्टार्टर मारा. गाडी धक्क्याने चालू लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून रेस द्या-सोडा, द्या-सोडा. कट्ट करून प्लेट सुटते. तीन-चार प्रयत्नांत सुटली नाही तर थांबा. पुढच्या वर्षी उभी करताना पेडल पूर्ण दाबून सीटच्या आणि पेडलच्या मधे लाकडाचा दांडका अडकवा.

लिव्हर, बुश, माउंटिंग

लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचा दुवा कुठे रॉडचा, कुठे केबलचा, पण सांध्यांना बुश असतातच. एकाला लिव्हर हलवायला सांगा, दुसऱ्याने खाली वाकून गिअरबॉक्सवरचं टोक बघायचं. वर चार बोटं हललं आणि खाली काहीच नाही, तर बुश गेले. पहिला शोधताना तिसरा लागणं ही त्याचीच खूण. पूर्ण संच बदला. एक नवा आणि तीन जुने ठेवलेत तर महिनाभराने पुन्हा खाली झोपायचं आहे.

इंजिनच्या माउंटिंगचं रबर फाटलं तर स्लोला गाडी हादरते आणि घाट उतरताना अॅक्सिलेटर सोडला की तिसरा गिअर सुटून न्यूट्रल होतो. इंजिन जागेवरून हलतं आणि लिंकेज सोबत ओढलं जातं. हादरा स्लोमध्ये, दोष रबरात, शिक्षा गिअरबॉक्सला. इंजिन चालू ठेवून, हँडब्रेकवर, क्लच किंचित सोडून बघा, इंजिन उसळी मारत असेल तर माउंटिंग. गिअर टाकताना मागून कट्ट आवाज येतो तो बऱ्याचदा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असतो. शाफ्ट हाताने पिळून बघितला की खेळ कळतो.

तेल

गिअरबॉक्सला ८०डब्ल्यू-९०, जीएल-४. डिफरन्शियलला जीएल-५. दुकानदार दोन्हीला एकच डबा देतो. जीएल-५ मधली रसायनं सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत, गिअर थंडीत जड आणि नंतर कुरकुरीत होतात.

आधी फिलर बोल्ट उघडा, मग ड्रेन. उलट केलंत आणि गंजलेला फिलर निघाला नाही तर तेल नसलेली गाडी आणि तुम्ही, दोघेही रस्त्याच्या कडेला. सपाट जागी, भरताना तेल फिलरच्या भोकाच्या काठाशी येऊन ओघळलं की पुरे.

निघालेलं तेल पांढऱ्या ताटात ओता. काळं, चालेल. ड्रेनच्या चुंबकावर राखाडी चिखलासारखी पेस्ट, चालेल. पिवळी चमकी दिसली तर सिंक्रो झिजताहेत, टोकदार लोखंडी कपचे दिसले तर गिअरबॉक्स उघडा. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर पाणी शिरलंय. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्या सोडा, एखाद्या साकवावर गुडघाभर पाण्यातून नेलेल्या ओम्नीतही ब्रीदरमधून (हवा सोडायच्या भोकातून) पाणी आत जातं. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि पाणी शोषलं जातं. असं तेल एकदा बदलून भागत नाही. नवं भरून तीस-चाळीस किलोमीटर चालवा, पुन्हा काढा, पुन्हा भरा. डिफरन्शियलचंही त्याच दिवशी, तिथेही तेच पाणी गेलेलं असतं.

आणि एवढं करूनही गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर रिलीज बेअरिंग, क्लच प्लेट, फ्लायव्हीलच्या मध्यावरचं छोटं बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील एकदमच बदलून घ्या. ते छोटं बेअरिंग जाम झालं तरी इनपुट शाफ्ट फिरत राहतो आणि रिव्हर्स खर्रर्र करतो. मेस्त्रीला सांगा, ते बोटाने फिरवून दाखव, मगच बॉक्स वर चढव.